उ उत्तरेचा

रफारकाका उभे राहिले ते एक शब्द दुरुस्त करायला. बसले तेव्हा ते स्वयंसेवक झाले होते.

सभा इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये होती. पाण्याच्या जुन्या टाकीमागे एक उतार आहे. शहर वाढत गेलं तसा तो कुणाच्याच लक्षात राहिला नाही आणि त्यामुळे मूळच्या जंगलाचा एक तुकडा तिथे शिल्लक राहिला. आता तो लक्षात आला होता, कारण तिथून जोडरस्ता जाणार होता. मोठी झाडं वाचण्यातली नव्हती. पण त्यांच्या सावलीतले नेचे, कंद आणि गुडघ्याएवढी रोपं मशीन येण्याआधी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावता येतील, असं सांगायला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांचं बोलणं संपलं आणि इमारतीचे सेक्रेटरी उठले.

"वृक्षारोपणाच्या या महान कार्यात आपल्यापैकी कोण कोण..."

"वृक्षारोपण नव्हे," मागच्या रांगेतून रफारकाका उठून म्हणाले. "रोपं आधीच रुजलेली आहेत. ती उचलून पुन्हा लावायची, म्हणजे पुनर्रोपण. ‘रो’वर रफार."

"वा! काका तयार आहेत!" सेक्रेटरी म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या.

टाळ्या एकदा वाजल्या की त्यांत दुरुस्ती करता येत नाही. काका खाली बसले.

त्यांचं हे नाव कुणी ठेवलं ते सांगता येणार नाही. का ठेवलं ते इमारतीतला कुणीही सांगेल. काका एका दैनिकात मुद्रितशोधक होते. सकाळी सगळं शहर ज्या चुकांना हसणार, त्यांना ते आदल्या संध्याकाळीच गाठत आणि निकालात काढत. निवृत्तीनंतर गाठायला चुका कमी पडू लागल्या, म्हणून ते इमारतीच्या सूचनाफलकाकडे वळले. ‘वगर्णी त्वरित भरावी’ या सूचनेतला रफार त्यांनी खडूने योग्य घरी नेऊन पोचवला. त्यामुळे वर्गणी त्वरित येऊ लागली असं झालं नाही, पण काकांचं नाव पडलं ते पडलंच.

घरी काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"स्वयंसेवक? तुम्ही?"

"अगं, तो एक शब्द—"

"शब्दच असणार. दुसरं काय असणार?" काकूंनी चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "अहो, आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात. काढणं तुम्हाला जमतं, त्याबद्दल वाद नाही. पण हे नुसतं काढायचं नाहीये, लावायचंही आहे. आजवर काय लावलंत तुम्ही?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"घराला कुलूप," ते म्हणाले.

"तेही नीट लागलंय का ते मी ओढून बघते."

काकू हे थट्टेने म्हणाल्या आणि पुढच्या चादरीला लागल्या. काकांच्या मनात मात्र ते कुसळासारखं रुतून बसलं. दुरुस्त केलेली चूक कुणाला दिसत नाही; दिसली नाही तरच ती दुरुस्त झाली म्हणायची. या हिशेबाने काकांच्या साऱ्या कारकिर्दीचं फळ म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींचा एक मोठा ढीग होता. त्या उतारावरचं निदान एक रोप आपल्या हातून लागलं पाहिजे आणि जगलं पाहिजे, असं त्यांनी चादरीचं टोक धरून उभ्या उभ्या ठरवलं. काकूंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दुसरंही टोक हातात दिलं असतं.

बातमी जिन्यावरून खाली उतरली आणि सल्ले वर चढले. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. काकांनी त्यांची ‘दंत चीकित्सालय’ ही पाटी एकदा सगळ्यांसमोर दुरुस्त केली होती, तेव्हापासून दोघांमध्ये एक सभ्य वैर होतं. पण मुळांचा विषय निघाल्यावर डॉक्टरांना गप्प राहवेना.

"काका, झटका द्यायचा नाही. आधी हलवायचं. मग सैल करायचं. मग उचलायचं. मूळ आत तुटलं की संपलं."

"रोपाचं बोलतोय मी."

"मीही रोपाचंच बोलतोय. आणि काढल्यावर जागा कोरडी पडू द्यायची नाही. दोन दिवस त्रास होईल, मग होईल सवय."

वरच्या मजल्यावरच्या मावशींनी रोपांशी रोज बोलत जा म्हणून सांगितलं. काय बोलायचं, असं काकांनी विचारलं. "चांगलं बोला," मावशी म्हणाल्या. "त्यांच्या चुका नका काढू."

उतारावर पहिल्या दिवशी नुसती पाहणी होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि वरून खालपर्यंत उतरले. त्यातलं निम्मं अंतर ते चालत उतरले. बाकीचं अंतर कसं पार पडलं ते त्यांच्या पँटच्या मागच्या बाजूला स्पष्ट नोंदलेलं होतं. दुसरे स्वयंसेवक म्हणजे पोहण्याचे मास्तर. सगळं आयुष्य तलावाच्या काठावर उभं राहून ओरडण्यात गेल्यामुळे ते जवळच्या माणसाशीही पैलतीरावरच्या माणसासारखं बोलत.

"लागलं का काका?" त्यांनी इतक्या जोरात विचारलं की वरच्या रस्त्यावरचे दोघं थांबले.

बाईंनी सगळं समजावून सांगितलं. मुळांभोवतीची माती सोडवायची नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळायचं. सावलीत ठेवायचं. आणि उचलण्याआधी रोपाच्या उत्तर बाजूला खूण करायची. नव्या जागी तीच बाजू उत्तरेला आली पाहिजे. शेवटची सूचना ऐकून मास्तरांनी मान डोलावली आणि ती विसरून गेले. काकांनी मान डोलावली नाही, पण ती सूचना त्यांच्या मनावर छापली गेली. इतक्या दिवसांत त्यांना समजलेली ही पहिली गोष्ट होती: खूण करायची.

घरच्या प्लास्टिकच्या डब्याचं झाकण कापून त्यांनी पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने सुबक ‘उ’ काढला. अक्षर असं की कंपोझिटरने छपाईचा खिळा म्हणून उचलावं. मग उत्तर कुठे आहे हा प्रश्न आला. फोनमध्ये होकायंत्र असतं असं कळलं. ते नीट चालण्यासाठी फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवावा लागतो असंही कळलं. पुढचे काही दिवस निवृत्त मुद्रितशोधक टाकीमागच्या झुडपांत एकटेच उभे राहून हवेत आठ काढताना दिसू लागले. टाकीवरच्या पहारेकऱ्याने काकूंना थांबवून डोक्याच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. काकूंनी त्याचे आभार मानले.

उताराच्या तळाशी, दोन दगडांच्या बेचक्यात, एक गुडघ्याएवढं रोप होतं. त्याची पानं काळपट हिरवी होती आणि कडा जराशा वळलेल्या होत्या. काकांनी बाईंना नाव विचारलं.

"फूल आल्याशिवाय नाही सांगता येणार. अशी पानं तीन-चार जातींची असतात."

"पण काहीतरी नाव असेलच ना?"

"असेल. त्यालाच माहीत."

ज्याला नाव नाही त्याचं शुद्धलेखन तपासता येत नाही, आणि काकांना ही अवस्था नवीन होती. ते त्या रोपापाशी बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पट्टी बांधली. आपलं ते हेच, असं त्यांना वाटलं. का वाटलं, हे त्यांना सांगता आलं नसतं.

आता फक्त परवानगी हवी होती.

‘फक्त’ हा शब्द काकांचा नाही, बाईंचा. त्यांना तास घ्यायचे असत, मास्तरांना तलाव सोडता येत नसे. काका रिकामे होते. म्हणून वनखात्याच्या कार्यालयात ते गेले.

"रोप आमच्या खात्याचं," टेबलामागचे कारकून म्हणाले. "ते न्या. माती कुणाची?"

"रोपाची."

"नाही. माती हे गौण खनिज. तिच्या वाहतुकीला दुसऱ्या खात्याची परवानगी लागते. सोपं सांगू का? मुळं धुऊन न्या. माती इथंच ठेवा."

"मुळं धुतली तर रोप मरेल."

"मरणं आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे नुसतं नेणं येतं."

शेवटी बाई एका दुपारी तास बुडवून वरपर्यंत गेल्या. ‘मुळाला चिकटून येईल तेवढी माती रोपाचाच भाग समजावी,’ असा शेरा त्यांनी मिळवून आणला. खनिजाचं रोप झालं आणि कागद पुढे सरकला. मशीन यायला अजून दोन आठवडे होते. सहीवर सही चढली, शिक्क्यावर शिक्का बसला, आणि एका सकाळी कारकुनांनी तो कागद काकांसमोर ठेवला.

"घ्या काका. जंगल तुमचं."

काकांनी कागद घेतला. ते कागद वाचत नसत, तपासत असत. दुसऱ्या ओळीत त्यांची नजर थांबली.

"‘पुनरोपणास परवानगी देण्यात येत आहे,’" त्यांनी वाचलं. "इथं रफार नाही."

"काय नाही?"

"रफार. पुनर्रोपण. हे ‘पुनरोपण’ झालंय. असा शब्द नाही."

"शब्द नसेल. परवानगी आहे ना?"

"कशाची? जो शब्दच नाही त्याची परवानगी कशी असेल? उद्या कुणी आक्षेप घेतला तर?"

"कोण घेणार आक्षेप?" कारकुनांनी विचारलं. आक्षेप घेणारा माणूस समोर उभा आहे हे मग त्यांच्याही लक्षात आलं. "बरं, तुम्हीच लावून घ्या की पेनानं. एक रेघच तर आहे."

"सरकारी कागदात खाडाखोड? मी?" काकांनी कागद दोन्ही हातांनी टेबलावर परत ठेवला. "दुरुस्त करून द्या. मी थांबतो."

कागद थांबण्याच्या वाटेने परत येत नाही, चढण्याच्या वाटेने येतो. तो पुन्हा पहिल्या टेबलावर गेला आणि तिथून एकेक पायरी वर चढू लागला. काका रोज जात. कारकून रोज बोटाने छताकडे दाखवत. पाचव्या-सहाव्या खेपेला कागद खाली आला. सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांनी महाविद्यालयात संस्कृत घेतलेलं होतं. कागदाच्या समासात त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं: ‘पुनर् + रोपण. रेफापुढे रेफ आल्यास पहिल्याचा लोप होऊन मागील स्वर दीर्घ होतो. सबब, पुनारोपण.’

काकांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग बाकावर बसून वाचलं. नियम बरोबर होता. मराठीत आपण पुनर्रचना म्हणतोच की, असं ते म्हणणार होते. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. कारकुनांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी तोंड मिटलं, कागदाची घडी केली आणि ती खिशात ठेवली. ज्या रफारासाठी कागद परत गेला होता, त्या रफारालाच वरून काढून टाकण्यात आलं होतं.

ते तडक उतारावर गेले. मशीन ठरलेल्या दिवसाआधीच आलं होतं.

उताराचा वरचा अर्धा भाग नव्हता. म्हणजे जमीन होती, पण ती नुसती माती होती, ताजी, ओली, लांबच लांब पट्ट्यांत खरवडलेली. आडव्या पडलेल्या खोडांची पानं अजून हिरवी होती. बाई एका बाजूला उभ्या होत्या. मास्तरांच्या हातात रिकामी गोणपाटं होती.

"कागद आज मिळाला?" बाईंनी विचारलं.

काकांना हो म्हणता आलं असतं.

"तयार गेल्या आठवड्यातच होता," ते म्हणाले. "मी परत केला."

"का?"

"त्यात रफार नव्हता."

मास्तर बोलले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदाच शेजारच्या माणसापुरता होता. "काका," ते म्हणाले, "काय हे."

"वरच्या बाजूला आमरी होत्या," बाई म्हणाल्या. "खोडांवर वाढतात त्या. फुलायला आल्या होत्या." मग त्यांनी मास्तरांच्या हातून एक गोणपाट घेतलं. "चला. खालचं राहिलंय तेवढं उचलू."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावणाऱ्या माणसाच्या बोलण्यात काहीतरी चूक सापडते आणि तेवढाच आधार मिळतो. काका तळाशी गेले आणि गुडघ्यांवर बसले. मशीनवाल्याने वरून हात केला. तुमचं उरकेपर्यंत मी वरच घोळतो, अशा अर्थाचा. त्या दिवशी काकांना एवढी एकच सवलत मिळाली आणि तिला कुठलाही कागद लागला नाही.

त्यांनी हलवलं, सैल केलं, मग उचललं. दगडांच्या बेचक्यातलं ते बिननावाचं रोप मातीच्या गोळ्यासकट वर आलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं. शर्ट इस्त्रीचा होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

नवी जागा म्हणजे तळ्याकाठच्या सार्वजनिक बागेचा एक दुर्लक्षित कोपरा. तो अजून मोकळा करून मिळालेला नव्हता. मास्तरांकडे आणि बाईंकडे मावली तेवढी रोपं गेली, उरलेली काकांकडे आली. लिफ्टमधून जाताना थोडी माती सांडली. संध्याकाळपर्यंत सूचना लागली: ‘लीफ्टमधून झाडे नेवू नये.’ एकाच ओळीत तीन चुका. इमारतीतली माणसं येता-जाता खडूची वाट पाहत राहिली. काका सूचनेसमोरून गेले, थांबले नाहीत, आणि पुढची रोपं जिन्याने चढवू लागले. तेव्हा मात्र सेक्रेटरींना काळजी वाटली आणि काकांची तब्येत विचारायला ते घरी आले.

घरात त्यांना बसायला जागा नव्हती. गॅलरीत कंद होते. न्हाणीघरात, ओल लागते म्हणून, नेचे होते.

"आंघोळ करताना कुणीतरी बघतंय असं वाटतं," काकूंनी तक्रार केली. पण तक्रार करता करता त्या नेच्यांवर पाणी शिंपडत होत्या. बिननावाचं रोप स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं, कारण तिथली सावली काकांना पसंत पडली होती. त्याची दोन पानं गळली. काकांनी ती उचलून बशीत ठेवली. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

"अहो, पानंच आहेत ती," काकू म्हणाल्या.

"वरच्या बाजूचं सगळं माझ्यामुळं गेलं."

काकूंना ते आधीच कळलं होतं. मास्तर जिन्यात हळू बोलले होते, म्हणजे दोन मजल्यांनाच ऐकू गेलं होतं. त्यांनी बशी बाजूला केली आणि ताट पुढे सरकवलं. "हे जगवा मग," त्या म्हणाल्या.

कोपरा मिळाला आणि रोपं लागली. काकांनी एकेक रोप खड्ड्यात उभं केलं, हवेत आठ काढले, रोप थोडं डावीकडे वळवलं, मागे सरून पाहिलं, परत थोडं उजवीकडे वळवलं.

"काका, फोटो काढायचाय का त्याचा?" मास्तर ओरडले.

प्रत्येक ‘उ’ उत्तरेला आल्याशिवाय माती ढकलली गेली नाही. सगळं झाल्यावर बाई म्हणाल्या, आता पट्ट्या काढल्या तरी चालतील. काकांनी त्या काढल्या नाहीत. पुढे कुणाला शंका यायला नको.

त्यानंतर काका रोज सकाळी पाणी घालायला जात. एका सकाळी त्यांना जरा उशीर झाला आणि दारावरची घंटा वाजली. दातांचे डॉक्टर फिरून परत आले होते, पण त्यांचा श्वास फिरून आलेल्या माणसासारखा नव्हता.

"काका, तुमची रोपं उपटलीत."

"चोर?"

"चोर नसावा. ओळीनं रचून ठेवलीत. बागेच्या खात्याचं काम दिसतंय."

काका घरच्या चपलांवर निघाले. डॉक्टर मागे आणि त्यांच्यामागे बादली घेऊन काकू. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

कोपऱ्यात रोपं खरोखरच रचून ठेवलेली होती, मुळं एका बाजूला आणि पानं दुसऱ्या बाजूला. गवत मात्र शाबूत होतं. गवतावर काही लिहिलेलं नव्हतं. बागेचे मुकादम बाजूला उभे राहून टेम्पोची वाट पाहत होते.

"हे कुणी सांगितलं उपटायला?" काकांचा आवाज चिरकला.

"तुम्हीच लिहिलंत ना? उ."

"उ म्हणजे उत्तर!"

"कसलं उत्तर? प्रश्न काय होता?"

"उत्तर दिशा!"

मुकादमांनी यावर थोडा विचार केला. "आमच्याकडं उ म्हणजे उपटने," ते म्हणाले. "आणि काय सुंदर अक्षर हो! माणसं म्हणाली, हे वरून आलेलं दिसतंय. एवढ्या निगुतीनं लिहिलंय तर एकही राहायला नको. बाकीचं काम सोडून आधी हे केलं."

काका खाली बसले. मुळांची माती अजून ओली होती. उपटून फार वेळ झाला नव्हता. त्यांनी आपलं रोप शोधून काढलं. दोन पानं गळलेल्या जागी खूण होती, त्यावरून ओळखलं. पट्टी नव्हती.

"पट्ट्या तिकडं," मुकादम म्हणाले. "प्लास्टिक वेगळं काढावं लागतं."

काकूंनी तळ्याचं पाणी आणून मुळांवर ओतलं. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. मुकादमांनी शिट्टी मारून आपली माणसं बोलावली. उपटणं आणि लावणं या दोन्ही कामांना त्यांच्याकडे तीच माणसं होती. एकेक रोप परत जमिनीत जाऊ लागलं. काका मात्र हातातलं रोप घेऊन उभे होते. आकाश भरून आलं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता आणि फोन घरी राहिला होता.

"उत्तर कुठंय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी तळ्याकडे हात केला. मुकादमांनी बागेच्या स्वच्छतागृहाकडे केला. त्यांच्या दोन माणसांनी आणखी दोन दिशा दाखवल्या. चारही बाजूंना उत्तर असताना मधे एक माणूस रोप छातीशी धरून उभा होता.

"अहो, लावा ते," काकू म्हणाल्या. "मुळं सुकतायत."

"पण याची उत्तर बाजू कुठली तेच कळत नाही."

डॉक्टरांनी आपल्या फोनवरून बाईंना गाठलं आणि फोन काकांच्या कानाशी धरला. काकांनी सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, आता दिशेचं काय करू?

"दिशा?" बाईंचा आवाज आला. "अहो काका, एवढ्याशा रोपांना दिशेनं काही होत नाही. मी म्हटलं होतं ना, खोड मोठं असेल तर खूण करा. लहानांना कशाला? लावा पटकन्, मी निघतेच आहे."

खोड मोठं असेल तर. बाई ते म्हणाल्या असणार. त्यांचं वाक्य नेहमी पूर्ण असे. आयुष्यभरात पहिल्यांदाच काकांच्या हातून मजकूर गाळला गेला होता. त्यांनी वाकून खड्ड्यात रोप ठेवलं, जसं आलं तसं, आणि दोन्ही हातांनी माती ओढली. काकूंनी पाणी घातलं. रोप जरासं कललं आणि थांबलं.

"आता याच्यावर लिहा," मुकादम म्हणाले. "नाहीतर नोंदीत नाहीत म्हणून पुढच्या फेरीला परत जातील सगळी." त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढून नमुना म्हणून दाखवली. तिच्यावर ठळक अक्षरांत होतं: ‘ठेवने’.

"ठेवणे," काका म्हणाले.

"नाही. ठेवने."

"अहो, ण. ठेवणे."

"आधी आम्ही नुसतं ‘ठे’ लिहायचो," मुकादम शांतपणे म्हणाले. "ठेकेदार घेऊन गेला सगळी. म्हणाला, ठे म्हणजे ठेकेदाराची. तवापासून पूर्ण लिहितो. माणसं वाचत बसत नाहीत हो काका, चित्र ओळखतात. हुकूम असा आहे: उ असेल तर उपटा. ‘ठेवने’ असेल तर ठेवा. तिसरं काहीही असलं तर शंका समजा, आणि शंका आली तर उपटा. मागं एकानं शुद्ध भाषेत लिहून ठेवलं होतं, ‘कृपया राहू द्यावे’. छान झुडूप होतं."

"गेलं?" काकूंनी विचारलं.

"पहिल्याच फेरीला."

मुकादमांनी कोऱ्या पट्ट्यांचा जुडगा आणि पेन पुढे केलं. काकांनी ते घेतलं आणि काठावरच्या दगडावर बसून पट्टी गुडघ्यावर ठेवली. त्यांनी ‘ठे’ काढला. ‘व’ काढला. मग पेन पट्टीच्या वर थांबलं. काकू बादली घेऊन उभ्या होत्या. त्या पाहत होत्या. काकांनी एकदा त्या काळपट हिरव्या पानांकडे पाहिलं. मग पेन खाली टेकलं.

डॉक्टर हात धुऊन मागे येऊन उभे राहिले होते. खांद्यावरून वाकून त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. अशी संधी माणसाच्या आयुष्यात एकदाच येते.

"काय हो रफारकाका," ते म्हणाले, "‘ठेवने’मधला न कुठला? बाणाचा की नळाचा?"

मुकादमांची माणसंसुद्धा थांबली. काकांनी शाई वाळेपर्यंत पट्टीवर फुंकर घातली, ती रोपाला सैलशी बांधली आणि गाठ ओढून पाहिली.

"नळाचा," ते म्हणाले, आणि दुसरी पट्टी गुडघ्यावर घेतली.